उतारावरचा रविवार

"क्येन दा ला बेथ?"

माद्रिदमध्ये मी शिकलेलं पहिलं स्पॅनिश वाक्य हे. भाचीने विमानतळावरून घरी येतानाच, मेट्रोत, माझ्याकडून दहा वेळा घोकून घेतलं. "मावशी, बाकी काही नाही आलं तरी चालेल. पण हे न विचारता गाळ्यासमोर उभी राहिलीस ना, तर इथल्या आज्या तुला सोलून काढतील."

वाक्याचा अर्थ 'पाळी कोण देतंय?' मासळीच्या नाहीतर भाजीच्या गाळ्यासमोर पाच-सहा बायका कशाही पांगलेल्या असतात. एक शतावरीची जुडी उलटीपालटी करून बघतेय, दुसरी फोनवर बोलतेय, तिसरी तर शेजारच्या गाळ्यावर जाऊन अंडी घेतेय. रांग कुठे दिसत नाही, पण ती असते. आपण यायचं आणि हा प्रश्न हवेत सोडायचा. कुणीतरी मानही न वळवता बोट वर करतं. झालं, तिच्या मागे आपण. आता शेवटचेपण आपल्याकडे आलं. पुढचं गिऱ्हाईक आलं की ते त्याच्या गळ्यात घालायचं आणि आपण मोकळे. लहानपणी रॉकेलच्या रांगेत आम्ही डबे ठेवून खेळायला जायचो त्याची आठवण झाली. फरक एवढाच, की इथे डबाही लागत नाही. ज्याने त्याने आपल्या पुढचा चेहरा तेवढा लक्षात ठेवायचा.

हा धडा मी ज्या बाजारात गिरवला तो ला थेबादा. थेबादा म्हणजे जव. कधीकाळी या चौकात जवाचा बाजार भरायचा. जिथे गर्दी जमते तिथेच राजे लोक फाशीही देतात, त्यामुळे १८२३ साली राफाएल देल रिएगो या उदारमतवादी सेनानीला इथेच लटकवलं. १८७५ साली चौकात लोखंड-काचेची सुंदर मंडई उभी राहिली. ती विसाव्या शतकाच्या मध्यावर पाडून टाकली आणि तिच्या जागी काँक्रीटचे घुमट आले. दुरून बघितलं तर घासून पालथ्या घातलेल्या वाट्या. सुंदर म्हणवत नाही. पण आत वरून उजेड छान झिरपतो, आणि मासळीला चांगला उजेड लागतो.

माद्रिदहून समुद्र गाठायचा तर साडेतीनशे किलोमीटर तरी जावं लागतं. तरीही इथले लोक 'स्पेनचं सगळ्यांत चांगलं बंदर माद्रिदच' असं म्हणतात आणि ही थट्टा आहे हे विसरूनही जातात. पूर्वी मारागातो नावाचे खेचरवाले गालिथियाच्या किनाऱ्यावरून मासळी लादून डोंगर ओलांडत यायचे. आता शहराच्या दक्षिण टोकाला मेर्कामाद्रिद हा अवाढव्य घाऊक बाजार आहे. १९८२ पासून रात्री तिथे उतरणारी मासळी सकाळी गाळ्यांवर असते. थेबादाच्या गाळ्यावर मला आमच्या घरचे निम्मे लोक भेटले. आल्मेखास म्हणजे तिसऱ्या. कालामार म्हणजे माकुल. आणि बोकेरोन हा तर मांदेलीचा चुलतभाऊ, कुळ एकच. फक्त हा पाठीवर निळा-काळा, आणि त्याला रव्यात घोळवून तळण्याऐवजी इथे व्हिनेगरमध्ये बुडवून पांढरा करायची रीत. माझ्या आईला सांगितलं असतं तर तिने 'मासा आजारी आहे का?' असं विचारलं असतं.

शनिवारी दुपारी याच गाळ्यांचं रूप पालटतं. मासळीवाले विक्री आटोपता आटोपता कोळंबी उकडायला टाकतात, शिंपले उघडून देतात, आणि लोक कागदी ताटली धरून, बीअर घेऊन, सालं टाकत उभ्यानेच खातात. ओल्या फरशीवरून घसरायला होतं, पण कुणाला पर्वा नसते. मी अर्धा किलो बोकेरोन घेतले. गाळेवालीने डोकी आणि आतडी अंगठ्याने सटासट काढली, कागदात बांधलं आणि वर, न विचारता, पार्स्लीची एक जुडी ठेवली. त्याचे पैसे नाहीत. इथे मासळीवाला किंवा भाजीवाली पार्स्ली वर टाकते, आपल्याकडे भाजीवाली कढीपत्ता टाकते तशी. मी उगाच "ग्रासियास, ग्रासियास" करत राहिले. तिने "आणि काय हवंय, राणी?" असं विचारून नजर पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळवलीसुद्धा.

पण मला मासळीपेक्षा पलीकडच्या गाळ्याने जास्त खिळवलं. त्या प्रकारच्या गाळ्याला 'कास्केरिया' म्हणतात. सोललेल्या जनावराचं 'मांस' नावाचं जे काही असतं ते बाकी खाटकांकडे, आणि उरलेलं सगळं इथे. धुऊन पांढरीशुभ्र केलेली गाईची वजडी, टर्किश टॉवेलसारखी. वासराचं थोबाड, डुकराचे कान आणि खूर. मेंढीचे भेजे छोट्या प्लास्टिकच्या वाट्यांत, पाण्यात बसवलेले. काळीज, फुप्फुस, जीभ. आणि एका कोपऱ्यात गुंडाळ्या करून ठेवलेली कोकराची आतडी. ज्याने कोल्हापूर-सांगलीकडे रक्ती-मुंडी खाल्ली आहे, ज्याच्या घरी बाजाराच्या दिवशी वजडी-भाकरी व्हायची, त्याला इथे काही नवीन नाही. पण एवढं स्वच्छ, दिव्याखाली, पाटी लावून मांडलेलं मी आपल्याकडे पाहिलेलं नाही. आपल्याकडे ते दुकानाच्या मागच्या अंगाला, काळ्या पिशवीत मिळतं.

गाळ्यावरची बाई साठीची असेल. भाचीच्या मध्यस्थीने मी तिला विचारलं, हे घेतं कोण? ती हसली. म्हणाली, "माझी आई विकायची तेव्हा गरीब घ्यायचे, त्यांना दुसरं परवडायचं नाही. मग ते म्हातारे झाले. त्यांची मुलं याला हात लावत नाहीत. आता नातवंडांच्या वयाचे शेफ येतात. दाढीवाले. ते भाव विचारत नाहीत." आणि तिने वजडीचा एक तुकडा उचलून दाखवला. कापड दुकानदार पोत दाखवतो तसा.

या 'उरलेल्या'चा इतिहास कास्तीलमध्ये, म्हणजे माद्रिदभोवतीच्या मुलुखात, फार जुना आणि मजेशीर आहे. कॅथलिक धर्माने शुक्रवारी मांस वर्ज्य केलेलं. कास्तीलमध्ये शनिवारीही पाळायचे, पण त्यात एक पळवाट होती: शनिवारी मांस नाही, मात्र डोकं, पाय, आतडी, काळीज, चरबी चालेल. ते 'मांस' नव्हेच! चातुर्मासात कांदा सोडून पातीचा कांदा खाणाऱ्यांना हा युक्तिवाद लगेच पटावा. १७४८ साली पोपने शनिवारचा नियमच काढून टाकला, तोवर शतकानुशतकं कास्तीलच्या शनिवारी कास्केरियाची चंगळ होती. दोन किहोते या कादंबरीतला सरदारही शनिवारी असलंच काहीतरी खातो, पहिल्याच परिच्छेदात.

आता नकाशा जरा डोळ्यांसमोर आणा. थेबादा आहे तिथून दक्षिणेकडे जमीन उतरत जाते, थेट मान्थानारेस नदीपर्यंत. नदी म्हणजे आपल्या मुठेएवढी, किंबहुना थोडी कमीच. वर राजवाडा, चर्चेस, प्लाथा मायोर. खाली नदी. जुन्या माद्रिदचा कत्तलखाना या उताराच्या माथ्यावर होता. मारलेली जनावरं तिथून फरफटत न्यायची, आणि मागे रक्ताचा माग राहायचा. या मागाला स्पॅनिशमध्ये 'रास्त्रो' म्हणतात. १६११ साली कोवारुबियास नावाच्या कोशकाराने आपल्या शब्दकोशात रास्त्रोची व्युत्पत्ती अशीच फरफटीच्या मागाशी जोडून ठेवली आहे. जनावरं मेली की कातडी उरतात, त्यामुळे उतारावरच चांभारांचे, कातडी कमावणाऱ्यांचे कारखाने आले. त्यांना पाणी हवं, घाण वाहून जायला उतार हवा, आणि वास वरच्या लोकांच्या नाकापासून दूर हवा. म्हणून उताराच्या मुख्य रस्त्याचं नाव रिबेरा दे कुर्तिदोरेस, म्हणजे चांभारांचा काठ. कातड्याच्या मागोमाग जुने बूट, जुन्या बुटांच्या मागोमाग जुने कपडे, मग भांडी, मग खुर्च्या. वरच्या शहराला नको झालेलं जे काही ते घरंगळत या उतारावर आलं आणि तिथे त्याला गिऱ्हाईक मिळालं. दर रविवारी आणि सणाच्या दिवशी इथे जो बाजार भरतो त्याचं नाव आजही तेच आहे: एल रास्त्रो. रक्ताचा माग.

कत्तलखाना पुढे तोलेदो वेशीजवळ खाली गेला, आणि १९२०च्या दशकात आणखी खाली, लेगाथ्पीला. तिथल्या विटांच्या इमारतींत आता चित्रप्रदर्शनं आणि नाटकं होतात. पण कत्तलखान्याने मागे ठेवलेला एक पदार्थ अजून या भागात तग धरून आहे. गायिनेखास आणि एन्त्रेसिखोस. कोकराची आतडी आणि आतड्यांना धरून ठेवणारं पातळ पडद्यासारखं जाळं, त्याच्याच चरबीत कुरकुरीत तळलेलं. कत्तलखान्यातून जवळजवळ फुकट मिळायचं, आणि बायका रस्त्यावर कढई मांडून विकायच्या. आज ही तळणारी दुकानं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत. त्यातलं एक एम्बाखादोरेस रस्त्यावर आहे. वास कोपऱ्यापासूनच येतो आणि पुढे दोन दिवस ओढणीला राहतो. मी खाल्लं. खरं सांगायचं तर पहिले तीन घास जड गेले. आपल्या वजडीला आलं-लसूण, काळा मसाला असा भरभक्कम आधार असतो. इथे फक्त मीठ, पाव आणि बटाट्याच्या काचऱ्या. चौथ्या घासाला जमलं. शेजारच्या टेबलावर ऐंशीचे एक आजोबा एकटे बसले होते. कोट, टाय, रुमाल. त्यांनी ताटली संपवली, पावाच्या तुकड्याने पुसली, आणि घडी घातलेलं वर्तमानपत्र काखेत मारून निघून गेले. त्यांना ते खायला कुणी शिकवलं नव्हतं आणि ते पुढे कुणाला शिकवणार नव्हते, असं उगाच वाटून गेलं.

शाहू पाटोळ्यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' मला त्या टेबलावर आठवलं. मराठवाड्यातल्या दलितांच्या चुलीवर काय शिजायचं आणि का शिजायचं हे त्या पुस्तकाने २०१५ साली कागदावर आणलं. माद्रिदमधला उतार वर्गाचा होता, आपल्याकडचा जातीचा. तो इतका सहज पार होत नाही. इथल्या वजडीला, कायोसला, आज पांढऱ्या टेबलक्लॉथवर जागा मिळाली आहे. आपल्या वजडीला ती मिळाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही.

रविवार उजाडला. भाची म्हणाली, "नऊला पोचलो तर बाजार बघशील, अकराला पोचलो तर लोकांच्या पाठी बघशील." आम्ही साडेदहाला पोचलो.

ला लातिना स्टेशनातून वर आलं की कास्कोर्रोचा चौक. मधोमध चौथऱ्यावर एक साधा शिपाई. खांद्यावर बंदूक, एका हातात पेटता पलिता, काखेत रॉकेलचा डबा, आणि अंगाभोवती दोरी. हा एलोय गोन्थालो. जन्मतःच माद्रिदच्या अनाथालयात सोडलेला. १८९६ साली क्यूबात कास्कोर्रो गावात स्पॅनिश तुकडी वेढ्यात सापडली, तेव्हा बंडखोरांचं ठाणं पेटवायला हा एकटा गेला. जाताना त्याने दोरी बांधून घेतली, दुसरं टोक सोबत्यांच्या हातात. मेलो तर प्रेत ओढून आणा म्हणून. तो जिवंत परतला आणि पुढच्याच वर्षी क्यूबातच आजाराने गेला. १९०२ साली राजाच्या हस्ते पुतळा उभा राहिला, पण तोवर क्यूबाच हातची गेली होती. लोक त्याला एलोय म्हणत नाहीत, कास्कोर्रो म्हणतात. अनाथ पोराला शेवटी लढाईचंच नाव मिळालं. त्याच्या पायाशी आता मोजे विकतात. तीन जोड पाच युरो.

रास्त्रोबद्दल भोळ्या कल्पना असतील तर रिबेरा दे कुर्तिदोरेसच्या पहिल्या शंभर पावलांत गळून पडतात. महापालिकेच्या नियमाने गाळे हजारापर्यंत, आणि त्यातले बरेचसे नवा माल विकणारे. टीशर्ट, पट्टे, पाकिटं, फोनची कव्हरं. राजस्थानी छापाच्या चादरी आणि उदबत्त्यासुद्धा. मी माद्रिदला येऊन जयपूरची चादर बघत उभी होते. विक्रेत्यांमध्ये खितानो, म्हणजे जिप्सी समाजाचे लोक खूप. "आ एउरो, आ एउरो!" ही त्यांची हाळी त्या उतारावर अशी घुमते की तिच्यापुढे आपला तुळशीबाग म्हणजे वाचनालय. करोनाच्या साथीत मार्च २०२० मध्ये हा बाजार बंद झाला आणि नोव्हेंबरमध्ये उघडला तो निम्म्या गाळ्यांनिशी. एका रविवारी यांनी बसायचं, दुसऱ्या रविवारी त्यांनी. ते महिने आठवले की गाळेवाले अजून कडवट होतात. रोज कमावून रोज खाणाऱ्याला पंधरा दिवसांतून एक रविवार म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

इथेच कुठेतरी माझं पाकीट गेलं. आत वीस युरो आणि पीएमपीचा ज्येष्ठ नागरिक पास. युरोचं दुःख झालं, पण पासाचं कुतूहल राहिलं. भाचीच्या मते चोराने तो फेकून दिला असणार. माझ्या मते तो पुढच्या रविवारी कुणाच्या तरी चादरीवर, पन्नास सेंटला.

खरा रास्त्रो गल्ल्यांत आहे. सान कायेतानो ही चित्रकारांची गल्ली. फ्राय थेफेरिनो ही 'पक्ष्यांची गल्ली', पण पक्षी गेले, नाव उरलं. उताराच्या पायथ्याशी एक छोटं मैदान आहे, त्याचं नाव किती सुंदर: काम्पियो देल मुन्दो नुएवो, नव्या जगाचं मैदानडं. रविवारी तिथे चिकटवायच्या चित्रांची, म्हणजे फुटबॉलपटूंच्या 'क्रोमो'ची अदलाबदल चालते. आठ वर्षांचा मुलगा आणि साठ वर्षांचा गृहस्थ समोरासमोर उभे. गृहस्थ गठ्ठ्यातून एकेक चित्र सरकवतो आणि मुलगा त्याच वेगाने बोलत जातो, "सिले, सिले, सिले, नोले!" सिले म्हणजे आहे माझ्याकडे, नोले म्हणजे नाही. 'नोले' म्हटलं की हात थांबतो. मग दोघांमध्ये गंभीर वाटाघाटी. या एका गोलरक्षकाच्या बदल्यात ते दोन. मुलाचे वडील बाजूला उभे राहून कॉफी पीत होते. त्यांना मध्ये बोलायची परवानगी नव्हती.

आणि मग जनरल वारा देल रेय चौकाच्या आसपास, जमिनीवर अंथरलेल्या चादरी. इथे माझे पाय थांबले ते दुपारपर्यंत. एका चादरीवर काय काय होतं ते सांगते: एक जपमाळ. चष्म्याची तीन घरं, एकात चष्मा. कुणाचे तरी शिलाई-क्लासचे प्रमाणपत्र, चौकटीसह. चमच्यांचा डबा, त्यात एक काटा वेगळ्या संचातला. पितळी दाराची मूठ. दातांचा ग्लास. बुटांच्या खोक्यात फोटो, एक युरोला एक.

फोटो चाळायला लागलं की आपण कुणाच्या तरी घरात न विचारता शिरल्यासारखं होतं. पहिल्या कम्युनियनचे फोटो सगळ्यात जास्त. मुली छोट्या नवऱ्यांसारख्या पांढऱ्या झग्यात, मुलगे आरमारी अधिकाऱ्याच्या पोशाखात. सक्तीच्या लष्करी सेवेतली कान पसरट दिसणारी पोरं. समुद्रकिनाऱ्यावर एक कुटुंब, सगळे उन्हाकडे डोळे बारीक करून बघणारे, आणि फोटो काढणाऱ्याची सावली पुढे वाळूत. एकाच्या मागे शाईने काही लिहिलं होतं. भाचीने वाचलं, "आजीला. दात पडला आहे." उलटून पाहिलं, तर खरंच, मुलगा तोंड मिटून हसत होता.

हे इथे येतं कसं? चादरवाल्याने विजेच्या खांबाकडे बोट दाखवलं. तिथे हाताने चिकटवलेली जाहिरात: घरं रिकामी करून मिळतील. या भागात जुन्या भाडेकराराने राहणारे बरेच म्हातारे-म्हाताऱ्या आहेत. १९८५ च्या आधीचे करार, भाडं नाममात्र, मालक हात चोळत बसलेला. मुंबईच्या पागडीवाल्यांना हे प्रकरण समजावून सांगायची गरज नाही. म्हातारी गेली की मुलगी येते, एक घड्याळ आणि चार फोटो उचलते, आणि बाकी घर एका दिवसात रिकामं करायला या लोकांना बोलावते. चौथा मजला, लिफ्ट नाही. कपाट खाली येतं, पाठोपाठ त्याच्या खणातलं सगळं येतं. महिन्याभरात त्या घरात चाकांच्या बॅगा ओढत पर्यटक येतात, आणि रविवारी दहा वाजता खाली उतरून ते रास्त्रोत काहीतरी 'अस्सल' शोधतात. मीही अशाच एका घरात उतरलेल्या लोकांना रस्ता विचारला होता, तेव्हा फार शहाणपणा करायचं कारण नाही.

रामोन गोमेथ दे ला सेर्ना या लेखकाने शंभरेक वर्षांपूर्वी रास्त्रोवर आख्खं पुस्तक लिहिलं आणि इथल्याच वस्तूंनी आपली खोली छतापर्यंत भरून टाकली. आल्मोदोवारच्या १९८२ च्या एका सिनेमाची सुरुवातही याच गर्दीत होते. दोघांनाही हा बाजार वस्तूंपेक्षा माणसांसाठी आवडला असावा असं मला वाटतं.

दीडच्या सुमारास बाजार विरायला लागतो आणि माणसं बारच्या दारांत साठायला लागतात. रविवारी दुपारी बेर्मुत. पिंपातून नळाने काढलेला, तांबूस, कडवट-गोड, वर सोड्याचा फवारा आणि एक ऑलिव्ह. कास्कोर्रो चौकात 'लोस काराकोलेस' नावाच्या जागी गोगलगायी मिळतात, लाल तिखटाच्या दाट रश्श्यात. दातकोरणीने शंखातून ओढून काढायच्या. पावसाळ्यात कुंडीतल्या गोगलगायींवर मीठ टाकणाऱ्या बाईने हे खावं का, असा प्रश्न मनात आला. रस्सा मात्र उत्तम होता, तो मी पावाने पुसून घेतला आणि शंख भाचीला दिले.

सान मिगेलच्या बाजाराबद्दल चार ओळी लिहायला हव्यात, कारण पुण्या-मुंबईहून माद्रिदला जाणारा प्रत्येकजण तिथेच जातो. प्लाथा मायोरला लागून, १९१६ ची लोखंडी इमारत, २००९ पासून नव्या थाटात. देखणी आहे. पण तिथे कुणी कोबी विकत घेत नाही. काडीला टोचलेल्या चार ऑलिव्हांचे पैसे देताना मला थेबादातली फुकटची पार्स्ली आठवली, आणि मी बाहेर पडले.

त्यापेक्षा उतारावरून डावीकडे वळून लावापिएसला जा. एम्बाखादोरेस रस्त्यावर सान फेर्नांदोची मंडई आहे, १९४४ सालची. सुपरमार्केटांनी गिऱ्हाईक पळवलं, गाळे बंद पडत गेले, मग तरुण पोरांनी स्वस्तात गाळे घेऊन पुन्हा जीव आणला. तिथे एका गाळ्याचं नाव 'ला कास्केरिया'. मी वजडीच्या अपेक्षेने गेले तर तिथे पुस्तकं. जुनी, किलोवर. समोर खाटकाकडे असतो तसा तराजू. पोराने कादंबरी, एक स्वयंपाकाचं पुस्तक आणि एक फाटका अटलास वजनात टाकला, काटा बघितला, आणि "थोडं जास्त होतंय, चालेल?" असं अगदी खाटकाच्या सुरात विचारलं. शहराने टाकलेलं विकायची या उतारावरची रीत त्याने नावासकट उचलली होती.

लावापिएसमध्ये बांगलादेशी वस्ती मोठी. 'इंडियन' पाट्यांच्या हॉटेलांची एक आख्खी रांग आहे, आणि ती चालवणारे बहुतेक बंगाली. एका वाणसामानाच्या दुकानात मोहरीचं तेल, विड्याची पानं, फ्रीझरमध्ये हिलसा. मला कोथिंबीर हवी होती. मंडईत पार्स्ली मिळते, कोथिंबिरीसाठी इथे यावं लागतं. दुकानदाराने सिनेमातून शिकलेल्या हिंदीत चौकशी केली, कुठून आलात, किती दिवस, मुलगी इथे शिकते का. पिशवी बांधता बांधता त्याने वर चार हिरव्या मिरच्या टाकल्या. पैसे नाहीत.

त्याच दुकानाबाहेर एक सेनेगाली तरुण पांढरी चादर पसरून गॉगल मांडत होता. चादरीच्या चारही कोपऱ्यांना दोऱ्या, आणि चारही दोऱ्यांची टोकं त्याच्या मुठीत. पोलीस दिसले की एक हिसका, चादरीची झोळी, आणि पळ. या विक्रेत्यांना 'मान्तेरो' म्हणतात, मान्ता म्हणजे चादर. कास्कोर्रोच्या शिपायाची दोरी इतरांच्या हातात होती. याची त्याच्याच हातात.

मी काय घेतलं ते राहिलंच. पितळी खलबत्ता. स्पॅनिशमध्ये त्याला 'आल्मिरेथ' म्हणतात, शब्द अरबीतून आलेला. लसूण-केशर कुटायचं भांडं, पण नाताळात गाणी म्हणताना तोच ताल धरायला वाजवतात, कारण तो घंटेसारखा खणखणतो. चादरवाल्याने पस्तीस सांगितले. मी पंधरा म्हटलं. त्याने आकाशाकडे पाहिलं. मी निघाल्यासारखं केलं. हा भाग कुठल्याही भाषेत सारखाच असतो. पंचवीसवर तुटलं. मग तो एकदम मोकळा झाला आणि भाचीला सांगू लागला, तोलेदो रस्त्यावरच्या घरातला आहे, मालकीण ब्याण्णव वर्षांची होती, मुलीने खल नको म्हटलं, जड आहे म्हणाली. खलाच्या तळाशी बत्ता पडून पडून वाटीएवढा चकाकता खळगा झाला होता. मी नाक आत घालून वास घेतला. लसूण होता की पितळ, कळलं नाही.

परतताना विमानतळावर तपासणीत बत्ता बाहेर काढायला लावला. अधिकाऱ्याने तो हातात तोलून पाहिला आणि मान हलवली. पुन्हा रांगेतून मागे, बॅग मोठ्या सामानात टाक, जास्तीचे पैसे भर. खलबत्त्याची किंमत त्या क्षणी दुप्पट झाली.

पुण्याला आल्यावर दुसऱ्या दिवशी, जेटलॅगमुळे पाचपर्यंत झोपच लागली नाही म्हणून, लसूण-खोबऱ्याची चटणी कुटायला घेतली. दहा मिनिटांत खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन.

"अगं, एवढ्या पहाटे काकडआरती कुणाकडे चाललीये?"